स्टॅन्लीच्या ड्रॅगन बोट शर्यतीत नाव दिलंय, पोहता जेमतेम येतं. कुणाला अनुभव?

कैरीपन्हं

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते, पण या वेळी गळ्याशी आलंय म्हणून धागा काढतेय.

मी मूळची गोरेगावची, वय ४६. नवऱ्याच्या बदलीमुळे दीड वर्षापूर्वी हाँगकाँगला आले आणि इथे एका छोट्या ऑफिसात हिशेब बघते. आमचं ऑफिस शेजारच्या दोन ऑफिसांबरोबर मिळून दर वर्षी त्युन ङच्या, म्हणजे ड्रॅगन बोटींच्या सणाला (उच्चाराच्या फंदात पडू नका, मी रोज हरते) स्टॅन्लीच्या किनाऱ्यावर शर्यतीत एक होडी उतरवतं. संघ मिक्स्ड, त्यामुळे ठरावीक बायका लागतातच. यंदा एक बाळंतपणाच्या रजेवर, एक सिंगापूरला गेलेली. एचआरमधली मुलगी माझ्या डब्यातलं थालीपीठ खाता खाता म्हणाली, ‘तुझे खांदे किती मजबूत आहेत गं!’ झालं, तिथेच फसले. आयुष्यात माझ्या खांद्यांचं कौतुक कुणी केलं नव्हतं.

आतापर्यंत तीन सराव झालेत. शनिवारी सकाळी सेंट्रलहून सहा नंबरची बस पकडायची, वरच्या मजल्यावर बसायचं, डोंगरातल्या वळणांवर झाडांच्या फांद्या फाडफाड काचेवर आपटतात ते बघत पोटात गोळा आणायचा, आणि मग होडीत बसून उरलेला गोळा आणायचा.

अडचणी सांगते. पोहणं म्हणजे लहानपणी महापालिकेच्या तलावात शिकलेलं, काठ दिसत असेल तर पंचवीसेक मीटर जाते. समुद्रात कधीच नाही. दुसरं म्हणजे माझं वल्हं सगळ्यांच्या मागून पाण्यात पडतं. होडीच्या तोंडाशी ढोलवाला बसतो, त्याचा ढोल मी अगदी कान देऊन ऐकते, तरी मागेच. मागे बसलेल्या दादाच्या वल्ह्याशी माझं वल्हं दर दहा हातांनी एकदा भिडतं. त्याला मराठी कळत नाही हे बरंय. तिसरं, लाकडी फळीवर बसून बसून जिथे बसतो ती जागा दोन्ही बाजूंनी सोलवटली आहे. सोमवारी ऑफिसात मी उभ्याने काम केलं.

शर्यतीला पाच आठवडे आहेत. माघार घेऊ का? नवरा म्हणतो, ‘घे.’ त्यामुळे घ्यावीशी वाटत नाही.

उंबरठा

पोहता येत नसेल तर विषाची परीक्षा कशाला? ऑफिसवाल्यांना काय, त्यांना डोकी मोजायची आहेत. स्पष्ट नाही म्हणावं. आपल्याकडे नाही म्हणायची सवयच नाही.

तांडेल

कैरीपन्हं ताई, माघार घेऊ नका, निदान माझा प्रतिसाद वाचून होईपर्यंत तरी. मी रेवदंड्याचा. हाँगकाँगात अकरा वर्षं झाली, त्यातली पहिली तीन वल्हं मारलं आणि पुढे होडीच्या शेपटीशी उभा राहून सुकाणू धरतोय. आजोबा खरेखुरे तांडेल होते, मी शनिवार-रविवारचा.

आधी पाण्याचं बोलतो. उंबरठा यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. आयोजकांची पोहण्याची अट काय आहे ती संघाच्या कप्तानाकडून मागून वाचा आणि त्यात बसत नसाल तर खोटं लिहून देऊ नका. पाच आठवडे आहेत, आठवड्यातून दोनदा तलावावर जा. तिथे वेगाचं काही काम नाही, पाठीवर पडून तरंगायला शिका. आणि लाइफ जॅकेट मागून घ्या. सरावाला बरेच जण घालत नाहीत, कारण घामाने चिकटतं. तुम्ही घाला. कोण हसलं तर हसू द्या. मी स्वतः माझ्या होडीत जॅकेटवाल्याची चेष्टा करणाऱ्याला एकदा पुढच्या सरावाला येऊ नको म्हणून सांगितलंय.

होडी भर शर्यतीत क्वचित उलटते. उलटते ती वळताना, किंवा शर्यत संपल्यावर सगळे एका बाजूला वाकून कुणाची तरी पडलेली टोपी बघायला जातात तेव्हा. उलटलीच तर नियम साधा आहे. पाण्यातून वर आलात की पहिलं आपल्या फळीवरच्या जोडीदाराला शोधायचं, तो दिसला की हात वर करायचा, आणि होडी सोडायची नाही. लाकूड असो की फायबर, ती तरंगते. काठाकडे पोहत सुटायचं नाही. पुढच्या सरावाला जोडीदाराला विचारून ठेवा, ‘मी पडले तर तू कुठे बघशील?’ गडबडला तर त्याला हे सांगा.

आता ढोल. ताई, तुमचा घोळ नेमका तिथेच आहे. ढोल ऐकू नका.

नवख्या माणसाला वाटतं ढोलवाला ताल देतो आणि आपण त्यावर वल्हं मारायचं, भजनात टाळ धरल्यासारखं. तसं नसतं. ढोलवाला तोंड मागे करून बसतो, म्हणजे आपल्याकडे. तो पहिल्या फळीवरच्या दोघांचं वल्हं पाण्यात जाताना बघतो आणि त्याच वेळी काठी मारतो. ताल त्या दोघांचा असतो, ढोलवाला तो मोठ्याने सांगतो एवढंच. तुम्ही आवाज ऐकून हात हलवायला लागलात की उशीर झालाच समजा. त्यात स्टॅन्लीला एका वेळी इतक्या होड्या सुटतात आणि प्रत्येकीवर एकेक ढोल. काठावरचे ढोल वेगळेच. तुमचा कोणता हे ओळखेपर्यंत शर्यत संपते.

मग बघायचं कुठे? डावीकडे बसत असाल तर पहिल्या फळीवरच्या उजवीकडच्या माणसाचा वरचा हात तिरक्या नजरेने दिसेल. त्या हातावर डोळा ठेवा. तो खाली गेला की तुमचा खाली. स्वतःच्या वल्ह्याकडे बघायचं नाही, शेजारच्या होडीकडे तर अजिबात नाही. मी मागे उभा असतो, मला वीस डोकी दिसतात. त्यातलं एक डोकं शेजारी बघायला वळलं की पुढच्या तीन हातांत ती फळी बिघडते, दर वेळी.

वल्हं मारताना दंड वापरू नका. ते चाळीस सेकंदांत संपतात. घरात जातं पाहिलंय का? जात्यावर बसलेली बाई नुसते हात ओढत नाही, कंबरेतून फिरते. तसं फिरायचं. वल्हं धरलंय त्या बाजूचा खांदा पुढे न्यायचा, पाठ दिसली पाहिजे, वल्हं शक्य तितक्या पुढे उभं खुपसायचं आणि कंबर सरळ करताना होडी त्याच्याजवळ आणायची. ‘वल्ह्याने पाणी मागे ढकललं’ असं मनात आणू नका. वल्हं पाण्यात रुतलंय, तुम्ही होडी पुढे ओढताय. आणि ते कमरेपाशी आलं की बाहेर. कमरेच्या मागे गेलेलं वल्हं पाणी उचलतं, म्हणजे ब्रेकच. तुमच्या मागच्या दादाशी टक्कर होते ती बहुधा याचमुळे. तुमचं वल्हं त्याच्या अंगणात जातंय.

बाहेरच्या बाजूचा पाय पुढे, तळवा समोरच्या फळीखालच्या आडव्या दांड्याला टेकवून दाबायचा, नितंब होडीच्या काठाला चिकटलेला. इतके काठाला बसा की आपण आता पडतो असं वाटेल. म्हणजे बरोबर बसलात. पायाने दाब दिलात की अंग फळीवर घसरणं कमी होतं आणि सोलवटणंही थांबतं. तोवर आत सायकलवाल्यांची गादीची चड्डी घाला. काही जण फळीवर पातळ रबरी बैठक ठेवतात, संघाला चालत असेल तर तीही.

एक छोटी गोष्ट, पण ही कुणी सांगत नाही. शर्यतीच्या दिवशी उन्हाचं क्रीम तळहाताने लावू नका. दुसऱ्याकडून लावून घ्या किंवा मनगटाने पसरवा. तळहाताला राहिलं की वल्ह्याची मूठ साबणासारखी फिरते. मी एका अंतिम फेरीत माझ्या डोळ्यांदेखत एक वल्हं हातातून उडून शेजारच्या रांगेत गेलेलं पाहिलंय.

सुरुवातीचं सांगून थांबतो. वीस माणसं सरासरी सत्तर किलोची धरली तर चौदाशे, वर होडी अडीचशेच्या आसपास, ढोलवाला आणि मी धरून पावणेदोन टन होतात. ते थांबलेलं वजन हलवायचंय. म्हणून पहिले पाचसहा हात लांब, खोल, सावकाश. मग पंधराएक हात भराभर. आणि मग लयीत बसायचं. सगळे नवखे पहिल्या हातालाच भराभर सुरू करतात, पाणी उडतं, होडी जागेवर. तुमचा कोच आकडे काय सांगतो ते पाठ करा, प्रत्येक संघाचे वेगळे असतात.

बाकी खाणं-पिणं नंतर लिहितो, मुलाला क्लासला सोडायचंय.

मशालवाला

तांडेल, ‘ढोल ऐकू नका’ला शंभरदा अनुमोदन. आम्ही पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजच्या बोट क्लबवाले. मार्चमधल्या रिगाटासाठी (होड्यांच्या कसरतींचा सोहळा) मुळेवर महिनाभर पहाटे सराव असायचा. अंधारात मशाली घेऊन होड्यांची रचना करायची तेव्हा शिट्टी ऐकून वळणारा पोरगा हमखास रांग मोडायचा. पुढच्याच्या मशालीकडे बघणारा बरोबर वळायचा. शिट्टी ऐकून वळणारा मी होतो. मला नंतर काठावर दिवे लावायला ठेवलं.

मुळेचं पाणी पोटात गेलेल्या माणसाला समुद्राचं काहीच वाटत नाही, एवढंच कैरीपन्हं यांच्या धीरासाठी.

कैरीपन्हं

तांडेल दादा, तुमचा प्रतिसाद छापून बसमध्ये वाचला. आज चौथा सराव होता. मी पहिल्या फळीवरच्या उजवीकडच्या बाईच्या हाताकडेच बघत राहिले. (तिच्या मनगटावर लाल दोरा आहे, देवळातला असावा, तोच धरून ठेवला.) पाऊण तासात टक्कर फक्त दोनदा! मागचा दादा पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसला. पण मग ढोलवाला कशाला हवा? आणि सगळे ‘का याऊ, का याऊ’ ओरडतात ते काय?

तांडेल

‘का याऊ’ म्हणजे शब्दशः ‘तेल घाल’. आपण ‘चल, जोर लाव’ म्हणतो तसं.

ढोलवाला हवाच. शेवटच्या तीसेक मीटरमध्ये कुणाचेच डोळे धड उघडे नसतात, तेव्हा तो आवाज अंगात लागतो. शिवाय तो तुमचे चेहरे बघत असतो, मी फक्त पाठी बघतो. कोण मेलंय हे त्याला आधी कळतं.

खाण्याचं राहिलं होतं. सणाचं पक्वान्न म्हणजे जोंग. चिकट भात बांबूच्या पानात चौकोनी-त्रिकोणी बांधून तासन् तास उकडतात. शर्यतीआधी खाऊ नका, पोटात विटेसारखा बसतो. नंतर मात्र खा. खारट जोंगमध्ये बहुधा डुकराचं मांस आणि खारवलेल्या अंड्याचा बलक असतो. शाकाहारी असाल तर पिवळसर दिसणारा, खाराच्या पाण्यातला साधा जोंग मागा, तो साखर लावून खातात. पान सोडताना वास येतो तो आपल्या हळदीच्या पानातल्या पातोळ्यांचा नव्हे, पण नातं लागतं. शर्यतीला केळी आणि कोकमाचं सरबत न्या, मीठ जरा चढं. दिवसभर उन्हात बसून दोन-तीनदाच दीड-दोन मिनिटं वल्हवायचं असतं. लोक वल्हवून थकत नाहीत, वाट बघून थकतात.

सणामागची गोष्ट माहीत असेलच. छू राज्याचा मंत्री आणि कवी छू युआन, दरबारातून हाकललेला, त्याने मिलुओ नदीत उडी घेतली. साल ख्रिस्तपूर्व २७८ सांगतात. लोक होड्या घेऊन शोधायला धावले, मासे दूर पळावेत म्हणून ढोल बडवले, पाण्यात भात टाकला. मला मात्र या गोष्टीपेक्षा इथल्या कोळ्यांचं जास्त जवळचं वाटतं. ताई, पुढच्या वर्षी लांताऊ बेटावर ताइ ओ गावात जा. पाण्यात खांबांवर उभी घरं. तिथे सणाला मच्छीमारांच्या मंडळांच्या ड्रॅगन होड्या देवळांतल्या मूर्ती छोट्या होडीत बसवून मागे बांधून गावभर पाण्यातून फिरवतात, पाण्यातल्या भुताखेतांच्या शांतीसाठी कागद जाळत. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा काठावर उभा राहून आईला फोन लावला आणि नुसता आवाज ऐकवला. ती म्हणाली, नारळी पुनव आज कशी?

शर्यतीचा आंतरराष्ट्रीय खेळ झाला तो १९७६ पासून, इथल्या पर्यटनवाल्यांनी मच्छीमारांच्या होड्यांची स्पर्धा भरवून नागासाकीहून जपानी संघ बोलावला तेव्हा. त्याआधी ते गावागावांचं आपापलं होतं.

आणि स्टॅन्लीला जाताच आहात तर तिन हाउ देवीच्या देवळात डोकावा. ती दर्याची देवी. देऊळ १७६७ चं. आत भिंतीवर उदबत्तीच्या धुराने काळंठिक्कर पडलेलं वाघाचं कातडं आहे. १९४२ मध्ये स्टॅन्लीत तो वाघ मारला तो एका भारतीय पोलिसाने. आपल्या पाहुण्यांना मी समुद्राआधी तेच दाखवतो.

मेपलपान

धागा आत्ता वाचला. कैरीपन्हं, तुम्ही ४६ च्या. मी पहिल्यांदा ड्रॅगन बोटीत बसले तेव्हा ५३ ची होते आणि उजव्या काखेतल्या गाठी काढून चौदा महिने झाले होते.

मी व्हँकूवरला राहते. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर हाताला सूज येते, म्हणून जड उचलू नका, जोराने हात चालवू नका, असं पूर्वी सर्रास सांगायचे. इथल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले क्रीडावैद्यक डॉ. डॉन मॅकेन्झी यांना ते पटेना. त्यांनी १९९६ मध्ये या आजारातून उठलेल्या चोवीस बायका गोळा केल्या, त्यांच्याकडून आधी तयारी करून घेतली आणि मग त्यांना ड्रॅगन बोटीत बसवलं. मुद्दाम तीच निवडली, कारण त्यात हात-खांदे पुन्हा पुन्हा, जोराने चालतात. एकीलाही नव्याने सूज आली नाही. तेव्हापासून जगभर अशा बायकांचे संघ झाले. गुलाबी जॅकेटं दिसली की समजायचं.

आमच्या शर्यती संपल्या की सगळ्या होड्या शेजारी शेजारी आणून एकमेकींचे काठ हातांनी धरतो आणि फुलं पाण्यात सोडतो, गेलेल्यांसाठी. पहिल्या वर्षी मला वाटलं हे जरा फिल्मी आहे. शेजारच्या होडीतल्या बाईने माझा हात धरला होता, होडीचा काठ धरायचा सोडून. तिचा हात बर्फासारखा गार आणि ओला. तिसऱ्या वर्षी ती नव्हती. आता फिल्मी वाटत नाही.

माझी आई सांगलीला असते, ८१ वर्षांची. तिला मी होडीचं सांगितलेलं नाही. तिला वाटतं मी हात जपते, कणीकसुद्धा यंत्रात मळते. कणीक यंत्रातच मळते, ते खरं आहे.

तुम्हाला एकच सांगते. शर्यतीआधी आपली नखं कापा. अंगठ्याचं नख मुठीवर दुमडून तुटतं ते दुखणं सगळ्यात वाईट.

उंबरठा

मेपलपान ताई, _/\_ वरचा माझा प्रतिसाद मागे घेत नाही, पण मऊ करतो. कैरीपन्हं, जॅकेट घालून जा आणि वृत्तांत टाका.

कैरीपन्हं

टाकतेय. काल झाली शर्यत. आज सुट्टी घेतलीये, आडवी पडून लिहितेय.

आधी कबुली, तलावावर पाच आठवड्यांत सातच वेळा गेले. पण आता पाठीवर पडून दहा मिनिटं तरंगते, कानात पाणी गेलं तरी किंचाळत नाही. आयोजकांच्या अटीपुरतं अंतर कप्तानासमोर पोहून दाखवलं, मग कागदावर सही केली.

सकाळी सहाला बसच्या रांगेत उभी राहिले तर पुढे शंभरएक माणसं, एकसारखे टीशर्ट, खांद्यावर वल्ही. किनाऱ्यावर पोचलो तर तंबूला तंबू चिकटलेला, बिअरचे डबे सकाळी आठलाच फुटलेले, आणि लोक कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून ओरडतायत. मला गणपती विसर्जनाची जुहू आठवली. आमच्या तंबूत सावली दहा जणांची, माणसं बावीस आणि नातेवाईक. नवरा छत्री घेऊन आला होता.

पहिल्या फेरीची वाट बघत अडीच तास बसलो. तांडेल दादा, तुमचं ‘वाट बघून थकतात’ अगदी खरं. मी कोकमाची बाटली उघडली, ती लाल बघून सगळ्यांना वाईन वाटली. संपली दोन मिनिटांत. मागचा दादा (आता मला त्याचं नाव माहीत आहे, पण इथे नको) म्हणाला, यात मीठ का आहे? मग आणखी मागितली.

पहिली फेरी. होडी रेषेवर लावण्यातच इतका वेळ गेला की हात गार पडले. वल्ही पुढे, पाण्याच्या वर, सगळे वाकलेले. माझ्या समोरच्याच्या मानेवर एक तीळ आहे हे मला तेव्हा कळलं, आणि त्या अर्ध्या मिनिटात तो इतका पाठ झाला की काढून दाखवेन. मग भोंगा. पहिला हात खोल मारला आणि काही झालंच नाही, जणू होडी चिखलात. दुसरा, तिसरा. चौथ्याला खालून कुणी तरी सोडल्यासारखी ती सुटली. ते मला नीट सांगता येत नाही. फळीतून कळतं. आधी आपण तिला ओढत असतो, मग एकदम ती आपल्याला घेऊन जायला लागते.

मी लाल दोराच बघत होते. पाणी तोंडात, डोळ्यांत. ढोल खरंच ऐकू आला नाही. मध्ये कुठे तरी मी मोजायला लागले आणि मोजता मोजता चुकले, एक हात रिकामा हवेत गेला, मागच्या वल्ह्याने माझं वल्हं ठोकलं. दादा मागून ओरडला, ‘इट्स ओके, इट्स ओके, गो!’ सहात चौथे आलो.

दुपारी खालच्या गटाची अंतिम फेरी मिळाली. या फेरीत आम्ही खरंच छान मारलं, हे मी नाही, सुकाणूवाली सांगते. शेवटी तिसऱ्या जागेसाठी शेजारची होडी अगदी बरोबरीत. कुठला तरी भोंगा वाजला, आमच्या ढोलवाल्याला वाटलं संपली, त्याने दोन्ही काठ्या वर केल्या, अर्धी होडी थांबली. तो भोंगा शेजारच्या होडीचा होता. आमची रेष दोन हात पुढे. चौथे! परत चौथे! ढोलवाला काठावर येईपर्यंत बोलला नाही, मग त्याने सगळ्यांसाठी आइस्क्रीम आणलं, ते वितळून हातावर आलं होतं.

नवऱ्याने दोन्ही शर्यतींचं शूटिंग केलं. पहिल्यात एका बाईची टोपी आहे. दुसऱ्यात आमच्या शेजारची होडी आहे, संपूर्ण, अगदी सुस्पष्ट.

संध्याकाळी आईला गोरेगावला व्हिडिओ कॉल लावला. सगळं ऐकून म्हणाली, ‘एवढं वल्हवून गेलात कुठे?’ कुठेच नाही आई, तिथल्या तिथे. ‘मग?’ मला उत्तर सुचलं नाही.

एक राहिलंच. ऑफिसात चहा-साफसफाई बघणाऱ्या साठीच्या मावशी आहेत, त्या नातवाला घेऊन आल्या होत्या. शर्यत झाल्यावर मला हाताला धरून पाण्याकडे न्यायला लागल्या आणि ‘लुंग चाऊ सोय’ असं काही तरी म्हणत होत्या. लाल दोरावालीने अर्थ सांगितला, ड्रॅगन बोटीचं पाणी. या दिवशी या पाण्यात अंघोळ केली की वर्षभर आजार लांब राहतात. या दिवसांत जो धो धो पाऊस पडतो त्यालाही तेच म्हणतात म्हणे. मावशींनी माझं जॅकेट काढून नातवाकडे दिलं. मी म्हटलं, पायच बुडवते. त्या ऐकेनात. मग मान बुडेपर्यंत गेले, पाठीवर पडले, कानात पाणी भरलं आणि किनाऱ्यावरचे सगळे ढोल एकदम बंद झाले. नुसतं आकाश. मावशींचा हात पाठीखाली होता, तो त्यांनी कधी काढला कळलं नाही.

मेपलपान ताई, नखं कापली होती. तरी उजव्या हाताला चार फोड आलेत, दोन फुटले. खोबरेल लावलंय. फुटलेल्यावर हळद लावू का, की चिघळेल?

मेपलपान

हळद नको, कपडे खराब होतील आणि काही उपयोग नाही. साबण-पाण्याने धुवून कोरडं ठेवा, वर साधी पट्टी. खारं पाणी गेलंय तर आज झोंबणारच. ‘कानात पाणी भरलं आणि ढोल बंद झाले’ हे मी तीनदा वाचलं.

मशालवाला

नवऱ्याचं शूटिंग! आमच्या रिगाटाचे सगळे फोटो माझ्या काकांनी काढलेत, प्रत्येकात झेड ब्रिज आहे. तो मुळेवर नाहीच, मुठेवर आहे. कुठे उभे होते देव जाणे.

तांडेल

दोन हात आधी थांबलात! आमच्याही संघाने एकदा असंच केलं होतं, सहा वर्षं झाली, ढोलवाल्याला अजून चिडवतो. तुम्ही त्याला चिडवू नका, आइस्क्रीम आणलंय बिचाऱ्याने.

पुढच्या वर्षीच्या सरावाला फेब्रुवारी-मार्चमध्ये या, तेव्हा पाणी गार असतं आणि गर्दी नसते. आणि ताई, वल्हं संघाचं असो की स्वतःचं, गोड्या पाण्याने धुतलंत का काल? नसेल तर आत्ता उठा. मूठ मिठाने खरखरीत होते आणि पुढचे फोड त्यानेच येतात.

कैरीपन्हं

उठले. बाथरूममध्ये उभं करून ठेवलंय. नवरा विचारतोय ते संघाचं वल्हं आपल्या घरी काय करतंय.